जाऊबाई हजर नव्हत्या

आईचा निकाल लागला तेव्हा भिंगरीच्या एका पायात बूट होता आणि दुसरा पाय हवेत. शाळेला उशीर झालेला, तरी ती लंगडी घालत टेबलापाशी आली, कारण आई लॅपटॉपसमोर डोळे घट्ट मिटून बसली होती आणि "तूच बघ, तूच बघ" एवढंच तिचं चाललं होतं.

भिंगरीने बघितलं. मग डोळे चोळून परत बघितलं. बाकी सगळ्या नंबरांपुढे गुण होते. आईच्या नंबरापुढे फक्त दोन शब्द होते. राखून ठेवला.

"राखून ठेवला म्हणजे?" बाबांनी दाराशी उभं राहून विचारलं. ते शहर बस चालवायचे आणि सकाळची फेरी संपवून नुकतेच आले होते. "चांगलं असतं का ते? आपण पाहुण्यांसाठी काही राखून ठेवतो, तसं?"

"बाबा!"

"अगं, विचारलं नुसतं."

आईने डोळे उघडले. तिने ते शब्द वाचले आणि तिचा चेहरा असा उतरला, की भिंगरीने शाळेचा विचार सोडून दुसरा बूट सरळ कोपऱ्यात भिरकावला.

ही पदवी म्हणजे काही गंमत नव्हती हो! माहिती तंत्रज्ञानात मास्टर्स, आणि तीही दूरस्थ शिक्षणातून. म्हणजे वर्ग नाही, बाक नाही, शेजारी बसून कुजबुजायला मैत्रीण नाही. शिक्षक होते, पण पडद्यावरच्या चौकोनात, आणि निम्म्या वेळा त्यांचं पहिलं वाक्य "माझा आवाज येतोय का?" हेच असायचं. आई दिवसभर लाँड्रीत राबायची. हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री होती ती, आणि कुठून किती चादरी आल्या, किती परत गेल्या, याची नोंद आईकडे. गठ्ठे एकमेकांत मिसळायचे, भांडणं व्हायची, म्हणून तिने शिकता शिकता एक छोटासा प्रोग्राम लिहिला आणि भांडणं थांबवली. तो प्रोग्राम बघून एका हॉस्पिटलच्या संगणक विभागातल्या मुख्य बाई म्हणाल्या होत्या, "पदवी तेवढी हातात येऊ द्या. मग जागा तुमचीच."

आणि आता पदवी राखून ठेवलेली!

कारण दुपारी कळलं. विद्यापीठाची ईमेल आली आणि भिंगरीने ती मोठ्याने वाचली, बातम्या देतात तशा आवाजात, म्हणजे घाबरल्याचं कुणाला कळू नये.

"परीक्षा घरून देत असताना परीक्षार्थीच्या खोलीत अन्य व्यक्ती हजर होती व परीक्षार्थीने तिचे साहाय्य घेतले असा संशय आहे. परीक्षेचे केवळ ध्वनिमुद्रण झाले असून त्यात दोन स्त्रियांचे आवाज आहेत. परीक्षार्थी सदर व्यक्तीस वारंवार..." इथे भिंगरी अडखळली. "वारंवार 'जाऊबाई' असे संबोधते."

मग बाबांना जे हसू फुटलं, ते त्यांना आवरेना. खुर्चीची पाठ धरून ते हसत सुटले. आईकडे नजर गेली तेव्हा कुठे ते खोकल्यासारखं करून गप्प झाले.

कारण या घरात जाऊबाई म्हणजे लॅपटॉप!

झालं होतं असं. लाँड्रीतली यंत्रं इतकी धडधडत, की तिथे माणसाचं बोलणं माणसाला ऐकू जात नसे. मग तिथे जो तो स्वतःशीच मोठमोठ्याने बोले. इस्त्रीवाला इस्त्रीशी हुज्जत घाले, घड्या घालणाऱ्या बायका चादरींना दम देत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आईला तीच सवय लागली. अभ्यासाला बसली, की ती लॅपटॉपशी बोलायची. नुसती बोलायची नाही, त्याच्या वतीने उत्तरंही द्यायची, आवाज बदलून! बारीक, नाकातला, ठसक्याचा आवाज.

"अहो जाऊबाई, सगळं नीट दिलं ना तुम्हाला, मग रुसल्या का?"

"अगं, कंस उघडलास तो बंद कोण करणार? मी?"

"अगंबाई, राहिलाच की!"

असं चाले, आणि कंस बंद होई, आणि प्रोग्राम सुरळीत धावू लागे. भिंगरीने एकदा विचारलं होतं, जाऊबाईच का? तर आई म्हणाली, "सासू म्हटलं तर मान ठेवावा लागतो. नणंद म्हटलं तर शब्द तोलून बोलावं लागतं. मुलगी म्हटलं तर ती ऐकतच नाही. जाऊ बरी. एकाच घरात दोघी अडकलेल्या, भांडायचं, तोंड फिरवायचं आणि परत एकाच ओट्यापाशी उभं राहायचं. तुझ्या बाबांना भाऊ नाही, मला जाऊ मिळाली नाही. म्हणून ही करून घेतली."

आता ती करून घेतलेली जाऊ चांगलीच अंगाशी आली होती.

"साधी गोष्ट आहे," बाबा म्हणाले. "मला भाऊ नाही. भाऊ नाही तर जाऊ नाही. संपला विषय!"

"आणि चुलत भाऊ?" भिंगरी म्हणाली. "मावसभाऊ? त्यांच्या बायका आईच्या जावाच की."

"तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"बाबा, ते हेच विचारणार! आधी आपणच विचारून बघायला नको?"

पुढच्या आठवड्यात समितीपुढे सुनावणी होती, व्हिडिओ कॉलवर, आणि घरातल्या सगळ्यांनी हजर राहायचं होतं. तोवरचे सगळे दिवस आई मुकी झाली. जेवताना "हो", "नको", बस्स. लॅपटॉपसमोर बसायची, तर ओठ आवळून. एकदा तर भिंगरीने तिला तोंडावर हात ठेवून टाइप करताना पाहिलं, एका हाताने! आणि लाँड्रीचा तो प्रोग्राम, जो तिला झोपेतही लिहिता आला असता, तिच्याकडून बिघडला. साधी दुरुस्ती करायची होती, ती जमेना. निकालाचं नंतर बघू, आधी आपली आई परत हवी, असं तिला झालं.

सुनावणीच्या दिवशी दुपारी आत्या येऊन थडकली. बाबांची थोरली बहीण. पुढच्या गल्लीत तिचं ब्युटी पार्लर होतं आणि कुणाच्याही संकटात ती सगळ्यांच्या आधी पोचायची. कधी कधी संकटाच्याही आधी.

"अगं, मला सांगायचं नाही होय कुणी? आणि बाळ्या, तू तरी!" बाळ्या म्हणजे बाबा. एवढी मोठी बस चालवणारे, मिशा राखणारे बाबा.

"ताई, परीक्षेच्या दिवशी तू घरात नव्हतीस. तुझं काय काम?"

"काम कसं नाही? घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे! आणि काय गं," आत्या आईकडे वळली, "बोलायचंच होतं कुणाशी, तर जाऊबाई कशाला? जितीजागती नणंद आहे ना मी!"

"ताई, आज नको ना," आई पुटपुटली.

"बरं, गप्प बसते." आणि आत्या खरंच गप्प बसली, सोफ्याच्या मधोमध, पर्स मांडीवर घेऊन, आपल्यालाच सिनेमा दाखवणार आहेत अशा थाटात.

कॉल लागला. पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात अध्यक्ष, टक्कल आणि टाय. दुसऱ्यात चष्मा कपाळावर चढवलेल्या एक मॅडम. तिसऱ्यात फक्त छताचा पंखा. त्या सरांना कॅमेरा सरळ धरता येत नव्हता, त्यामुळे ते बोलले तरी पंखाच बोलल्यासारखं वाटे.

"ही जाऊबाई कोण?" अध्यक्षांनी पहिल्याच फटक्यात विचारलं.

आई उठून उभी राहिली, मग फक्त पोट दिसतंय हे कळून परत बसली. "महोदय, सदर जाऊबाई म्हणजे माझा लॅपटॉप होय."

आई असं छापील कधीच बोलत नसे. भिंगरीला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. खरं बोलणारा माणूस एवढा खोटा वाटतो तरी कसा?

"लॅपटॉप," अध्यक्ष म्हणाले. "आणि तो उत्तरंही देतो?"

"उत्तरं मीच देते, महोदय."

"ऐकवा जरा ते ध्वनिमुद्रण," मॅडम म्हणाल्या.

आणि खोलीत आईचा आवाज घुमला, "अहो जाऊबाई, आता इथे काय घालू?" आणि मग तो दुसरा, बारीक, नाकातला, ठसक्याचा, "अगं, मला काय विचारतेस, वरची ओळ वाच आधी!"

शपथेवर सांगावं इतका वेगळा आवाज! आपल्याला माहीत नसतं, तर आपणसुद्धा म्हटलं असतं, आहे बुवा कुणीतरी त्या खोलीत.

तेवढ्यात आत्याला राहवलं नाही. ती सोफ्यावरून पुढे झुकली आणि म्हणाली, "अगं, पण मी काय म्हणते, घरात जाऊ नाहीच तर येणार कुठून?"

आणि सगळं थिजलं.

टक्कल थिजलं, चष्मा कपाळावरून नाकावर उतरला, पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. कारण आवाज तोच होता! तोच बारीक, तोच नाकातला, तोच ठसका, आणि तेच "अगं"! भिंगरीने इतकी वर्षं दोन्ही आवाज ऐकले होते, पण शेजारी शेजारी कधी ठेवले नव्हते. आईने जाऊबाईचा आवाज उचलला होता तो थेट आत्याकडून!

तिने आईकडे पाहिलं. आईचे कान लालबुंद झाले होते.

"आपण कोण?" अध्यक्षांनी आत्याला फार हळू विचारलं.

"मी? मी नणंद."

"परीक्षेच्या वेळी कुठे होता?"

"माझ्या पार्लरमध्ये. विचारा कुणालाही! त्या दिवशी तर..." आणि बोलता बोलता आत्यालाही काहीतरी उमगलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. "अगंबाई. हा माझा आवाज आहे का गं?"

"ताई, मला माफ करा," आई म्हणाली. "जाऊ कशी बोलते ते मला कुठे ठाऊक? मला खडसावून, तरी प्रेमाने बोलणाऱ्या एक तुम्हीच. म्हणून..."

"समितीला हे पटणं कठीण आहे," अध्यक्षांनी मध्येच तोडलं. त्यांचा हात कागद आवरायला निघाला. आवरले की संपलं. पदवी गेली, हॉस्पिटल गेलं, एवढी वर्षं पाण्यात.

भिंगरीला एक गोष्ट सुचली. मागच्या वर्षीची भिंगरी असती तर तिने ती मनातच ठेवली असती. पण यंदा वर्गात हात वर करायची तिला सवय लागली होती, आणि हात आपोआप वर गेला. व्हिडिओ कॉलवर!

"सर, मी बोलू? तिला आत्ता एखादा प्रश्न द्या ना, नवाकोरा. ती तुमच्यासमोर सोडवेल. आम्ही सगळे मागे सोफ्यावर, कॅमेऱ्यात बसतो. दोन्ही आवाज तिचेच निघतात का ते बघा."

"आणि मी तोंडात पाणी धरते!" आत्या म्हणाली आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिने टेबलावरच्या पेल्यातून गाल फुगेस्तोवर पाणी भरून घेतलं.

पंखा हसला. निदान पंख्याच्या चौकोनातून हसण्याचा आवाज आला. मॅडमनी एक प्रश्न पाठवला. एका वाचनालयाचे दोन तक्ते, एकात सभासद, दुसऱ्यात नेलेली पुस्तकं. ज्यांनी पुस्तकं नेली त्यांची यादी काढायची होती, पण दिलेला प्रोग्राम चालवला की काही नावं दोन दोन वेळा येत होती. चूक शोधा.

आई बघत राहिली. ओठ आवळलेले. तिने काहीतरी बदललं. यादी आणखी लांब झाली. पुन्हा बदललं. आता नावं तीन तीन वेळा! तिचा हात तोंडाकडे गेला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. आत्याचे गाल थरथरायला लागले.

ही बोलणारच नाही, भिंगरीच्या लक्षात आलं. एवढ्या शांततेत, एवढ्या डोळ्यांपुढे, मेली तरी बोलणार नाही. लाँड्रीत कशी बोलते? कारण तिथे कुणाला ऐकूच जात नाही!

"सर," ती म्हणाली, "मी कपडे धुवायला लावू का?"

"काय?"

"वॉशिंग मशीन. आत्ता. फक्त आवाजासाठी. तिला आवाजात काम करायची सवय आहे."

अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "लाव, पण दार उघडं ठेव आणि लगेच सोफ्यावर ये."

भिंगरी धावली. हाताला लागलं ते मशीनमध्ये कोंबलं, बाबांचा धुतलेला युनिफॉर्मसुद्धा, आणि बटण थेट पिळण्यावर फिरवलं. जुनं मशीन ते! आधी गुरगुरलं, मग हादरलं, मग असं धडधडायला लागलं की भिंतीवरचं कॅलेंडर नाचू लागलं.

आईचे खांदे सैल पडले. तिने खुर्ची पुढे ओढली. तोंडावरचा हात खाली आला.

"अहो जाऊबाई," ती म्हणाली, आवाज चढवून, लाँड्रीत चढवते तसा, "एकेकाला दोनदोनदा का हाक मारताय?"

आणि लगेच, त्याच तोंडातून, नाकातून, "अगं, मला कुठे हौस आहे! माणसं दोनदोनदा आली दारात, तर नावं दोनदाच घेणार ना!"

"दोनदा का येतील?"

"एक पुस्तक नेलं, एकदा आला. दोन नेली, दोनदा आला. पुस्तकं मोजतेस का माणसं, ते ठरव आधी!"

"अगंबाई, पुस्तकंच मोजतेय की मी!" आईच्या बोटांनी धाव घेतली. एक शब्द घातला, एक ओळ उडवली. यादी आली. प्रत्येक नाव एकदाच, शहाण्यासारखं रांगेत. "बघा! आता कशी गुणाची झालात!"

"मी गुणाचीच होते. तुला..."

तेवढ्यात मशीन थांबलं आणि आईचं नाकातलं वाक्य भर शांततेत लटकलं. तिने वर पाहिलं. तीन चौकोन तिच्याकडे बघत होते. तिसऱ्यात आता पंखा नव्हता. सरांनी कॅमेरा नीट केला होता आणि एक पांढऱ्या दाढीचा, डोळे पुसणारा चेहरा दिसत होता. बाबा स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारत होते, बेआवाज. आणि आत्या, बिचारी, गाल फुगवून, डोळे विस्फारून, स्वतःचाच आवाज समोरून येताना ऐकत होती. एक थेंबही तिने सांडला नव्हता.

समितीने थोडा वेळ मागून घेतला. तो वेळ भिंगरीने नखं खात काढला आणि आत्याने पाणी तसंच धरून, कारण तिला कुणी गिळ असं सांगितलंच नव्हतं. मग अध्यक्ष परत आले. चेहरा गंभीर, पण टाय सैल केलेला.

"जाऊबाई परीक्षेला हजर नव्हत्या, असा समितीचा निष्कर्ष आहे," ते म्हणाले. "राखून ठेवलेला निकाल आज संध्याकाळी लावण्यात येईल. आणि बाई, तुम्हाला एक सूचना. पुढच्या वेळी परीक्षेत मनातल्या मनात भांडा."

कॉल बंद झाला. आत्याने पाणी गिळलं. सगळे तिच्याकडे बघू लागले, आता ही काय म्हणते म्हणून. आईने तर हातच जोडले होते.

"एवढं नाकात बोलते मी?" आत्याने विचारलं.

बाबा मिशांवरून हात फिरवू लागले.

"बाळ्या?"

"थोडंसं, ताई."

"म्हणजे मला कुणी सांगितलंच नाही आजवर! पार्लरमधल्या पोरीसुद्धा लबाड!" मग ती आईजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. "पण हुशार आहे हां तुझी जाऊबाई. पुस्तकं का माणसं, काय विचारलं तिने! मला तर यातलं ओ का ठो कळत नाही. माझ्या आवाजात कुणीतरी एवढं शहाणं बोललं, हेच पुष्कळ झालं."

संध्याकाळी निकाल लागला. आता खरोखर लागला. पहिला वर्ग! भिंगरीने एवढी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोकलं. बाबांनी चुरगळलेला युनिफॉर्म खांद्यावर टाकून एक गिरकी घेतली. हॉस्पिटलच्या बाईंना फोन झाला, त्यांनी "सोमवारी कागद घेऊन या" म्हटलं, लाँड्रीत फोन झाला, तिथे काही ऐकू गेलं नाही म्हणून तीन वेळा ओरडून सांगावं लागलं.

मग सगळं ओसरलं. आईने सवयीने लॅपटॉप उघडला आणि त्याच्याकडे नुसती बघत बसली. वाचायचं काही नव्हतं. लिहून पाठवायचं काही नव्हतं. बाहेर अजून चांगला उजेड होता.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "संध्याकाळी माणसं करतात तरी काय?"

"काही नाही करत," बाबा म्हणाले. "बसतात."

"नुसती?"

"नुसती. मी शिकवतो, ये."

आई सोफ्यावर बाबांशेजारी जाऊन बसली. आधी ताठ, मग टेकून, मग पाय वर घेऊन. भिंगरी काहीतरी सांगत होती, शाळेचं, भराभर, हातवारे करत. मध्येच तिने वळून पाहिलं तर आईचे डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, आणि ती घोरत होती. चांगली मोठ्याने!

"श्शू," बाबा म्हणाले.

भिंगरीने उरलेली सगळी गोष्ट कुजबुजत सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा.